गळ्याचे चार दिवस वेगळे असतात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मासिक पाळीच्या रजेविषयी गेले काही महिने आपल्या सदरात वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची रजा मिळते, केरळने २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींसाठी हजेरीची अट ७५ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांवर आणली, आणि अशी रजा सक्तीची केल्यास मालक बायकांना कामावर घ्यायलाच कचरतील अशी शंका बोलून दाखवत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये धोरणाचा प्रश्न केंद्र सरकारकडे सोपवला, या साऱ्यांचा ऊहापोह त्या पत्रांतून झाला. कचेरी, कारखाना, शाळा, पोलीस ठाणे अशी कामाची सर्व ठिकाणे त्यांत आली. गाणे मात्र आले नाही. मी सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षे शास्त्रीय गायनाचा वर्ग चालवते. ज्या बाईचे काम तिच्या गळ्यावर चालते, तिच्या गळ्यावर पाळीचा काय परिणाम होतो, याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

गेल्या हिवाळ्यात माझी एक विद्यार्थिनी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सोहनी हा राग गायला बसली. काळी चार ही तिची पट्टी, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा सा. तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सा पर्यंत, सारे जागच्या जागी होते. पण त्याच्याही वरच्या ग ला, तार गंधाराला, हात घातला आणि आवाज चिरकला, आणि तीच जागा तिने पुन्हा घेतली तेव्हा सुराऐवजी नुसती हवा आली. गुणपत्रिकेवर परीक्षकांनी ‘रियाजात सातत्य हवे’ असा शेरा दिला. तिच्या रियाजाला मी रोज साक्षी असते, त्यामुळे तो शेरा मला पटेना. परतताना एसटीत तिने माझ्या कानाशी येऊन सांगितले, ‘‘बाई, डेट दोन दिवसांवर आलीय.’’ त्याच स्पर्धेत सर्दी झालेल्या एका मुलाला डॉक्टरांची चिठ्ठी पाहून शेवटचा क्रम देण्यात आला होता, आणि ते योग्यच झाले. हिने कोणती चिठ्ठी दाखवायची होती? (माझ्या आईच्या वेळी ‘कावळा शिवला’ म्हणत, आमच्या वेळी ‘अडचण’, आताच्या मुली ‘डेट’ म्हणतात. शब्द बदलत गेले, पण स्पर्धेच्या टेबलापाशी उभे राहून तो उच्चारण्याची सोय अजून कुणालाच नाही.)

आता हे नेमके का होते ते सांगते. बाईचे स्वरतंतू लांबीला जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर असतात. काळी चारचा मध्य षड्ज लावताना ते सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात, तार षड्जाला ४१५ वेळा, आणि तार गंधाराला पाचशेहून अधिक वेळा. इतक्या वेगाने काम करणाऱ्या अवयवाचे अस्तर पातळ, लवचीक आणि ओलसर असावे लागते. ते तसे राहणे न राहणे हे काही अंशी त्याच संप्रेरकांवर अवलंबून असते, जी गर्भाशयाच्या अस्तराची महिन्याची घडी बसवतात आणि मोडतात. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन वाढत जाते आणि त्याच्या प्रभावाखाली स्वरतंतूंवरचा ओलावा पातळ व भरपूर राहतो. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. मग हा ओलावा कमी आणि चिकट होतो, अंगात पाणी धरले जाते, आणि हात-पाय-पोट जसे जड वाटतात तसे स्वरतंतूही किंचित सुजतात. त्यांच्यावरच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. जड झालेली तार हळू हलते, हे तंबोरा लावणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको. खालचे सूर त्यामुळे फारसे अडत नाहीत, उलट काही जणींना त्या दिवसांत खर्ज अधिक भरदार लागतो. गाडी अडते ती वरच्या सप्तकात, आणि विशेषतः तिथे आवाज बारीक, हळुवार लावायचा असतो तेव्हा. जोर करून तार षड्ज लागतो. तोच फुंकर मारल्यासारखा लावायला गेले की लागत नाही. त्यात पोट फुगलेले आणि ओटीपोटात कळा, त्यामुळे दमसासही आखूड होतो. जळजळ होऊन पोटातले आम्ल घशाशी येण्याचा त्रासही काहींना याच दिवसांत वाढतो, आणि ते आम्ल थेट स्वरयंत्राच्या दाराशी पोचते.

पॅरिसचे कान-नाक-घसातज्ज्ञ झाँ आबित्बॉल यांनी १९९९ मध्ये याविषयी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. दुर्बिणीतून पाहिलेली स्वरतंतूंची सूज, फुगलेल्या रक्तवाहिन्या आणि मंदावलेले कंपन यांचे वर्णन त्यात आहे. आवाज लवकर थकणे, पल्ला कमी होणे, ताकद कमी होणे आणि आवाजातल्या काही उपस्वरांची चमक जाणे ही लक्षणे पाळीच्या चार-पाच दिवस आधी सुरू होतात आणि सुमारे ३३ टक्के स्त्रियांत आढळतात, असे ते सांगतात. स्वरयंत्राच्या आणि गर्भाशयमुखाच्या अस्तरांच्या पेशी त्यांनी काचपट्टीवर घेऊन तपासल्या, तेव्हा महिन्याभरात दोन्हींत होणारे बदल एकमेकांशी मिळतेजुळते दिसले. हे मी प्रथम वाचले तेव्हा अर्धा तास पुस्तक मिटून बसले होते, कारण ज्या गोष्टीबद्दल मी वीस वर्षे स्वतःच्या आळसाला दोष देत आले, ती काचपट्टीवर दिसते हे मला कुणी सांगितले नव्हते.

तरीही एक सावधगिरीची सूचना इथेच देणे मला आवश्यक वाटते. हा परिणाम सर्व स्त्रियांवर होत नाही, आणि एकाच स्त्रीवरही दर महिन्याला सारखा होत नाही. यंत्राने आवाज मोजून केलेल्या अभ्यासांपैकी अनेकांत फरक फार थोडा दिसला, काहींत दिसलाच नाही. त्यावरून हे सारे मनाचे खेळ आहेत असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. त्यांपैकी पुष्कळ मोजण्यांत बाईला एक स्वर सहज लांबवायला किंवा एखादे वाक्य वाचायला सांगतात. मध्य सप्तकातला ‘आ’ पाळीच्या आदल्या दिवशीही उत्तम लागतो. खरी परीक्षा तार सप्तकातल्या मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची, आणि द्रुत तानेची असते, आणि तिथला केसाएवढा फरक गाणारीला आधी कळतो, श्रोत्याला क्वचित कळतो.

आपल्याकडच्या रूढीकडे आता वळते, कारण या विषयावर आपण काहीच बोलत नव्हतो असे नाही. आपण भलतेच बोलत होतो. पाळीच्या चार दिवसांत तंबोऱ्याला हात लावायचा नाही, पेटी उघडायची नाही, भजनाला बसायचे नाही, कारण वाद्य म्हणजे सरस्वती आणि बाई विटाळलेली, हा नियम मी स्वतः लग्नाआधी आणि लग्नानंतर दोन्ही घरांत पाळला. हिशोब असा की सूज आणि कोरडेपणा यांचे दिवस बहुधा पाळीच्या आधीचे असतात. पाळी सुरू झाली की संप्रेरके उतरलेली असतात, धरलेले पाणी निघून जाऊ लागते आणि पहिला-दुसरा दिवस सरला की पुष्कळ जणींचा गळा पूर्ववत होऊ लागतो. म्हणजे ज्या दिवसांत मला आवाज सांभाळायला हवा होता त्या दिवसांत मी घरच्यांसमोर आणि गुरूंसमोर जोर लावून गात होते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळा मोकळा झाला तेव्हा कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचा रियाज ऐकत होते. रूढीने बाईला चार दिवस विश्रांती दिली असे तिचे समर्थन जे करतात, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की गळ्याच्या बाबतीत ती विश्रांती चुकीच्या तारखांना दिलेली होती, आणि ती विश्रांती म्हणून दिलेलीही नव्हती.

युरोपातल्या काही ऑपेरा गृहांत एके काळी याहून शहाणपणाची पद्धत होती. पाळीच्या आधीच्या आणि पहिल्या एक-दोन दिवसांत गायिकेला प्रयोगातून सूट मिळे. त्या दिवसांना सवलतीचे किंवा कृपेचे दिवस म्हटले जाई. पुढे ही पद्धत जवळजवळ नाहीशी झाली. अर्थात तिथली व्यवस्था वेगळी: ठरावीक पगारावरचा संच आणि मुख्य गायिकेच्या जागी उभी राहू शकणारी दुसरी तयार गायिका असल्यावर ती सवलत परवडते. आपल्याकडे बाई एका मैफलीच्या बिदागीवर गाते, तिच्या जागी उभी राहणारी तिची दुसरी जोडीदारीण नसते, आणि ‘त्या बाईंचा काही भरवसा नाही’ हे वाक्य गावभर फिरायला एक आठवडा पुरतो. तमाशाच्या फडातल्या कलावतीची गोष्ट तर बोलायलाच नको. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखातल्या यात्रा संपेपर्यंत जवळजवळ रोज रात्री उभा राहतो, आणि पोट गळ्यावर असलेल्या त्या बाईला कोणता दिवस सुजेचा आणि कोणता मोकळा हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

हे ज्ञान तालमीत का उतरले नाही, याचे कारण अवघड नाही. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका घडवल्या. आपल्या संगीताच्या इतिहासात स्त्रियांना तालीम देणारे बहुतेक पुरुषच होते. त्यांनी गळा ओळखला, पण बाईच्या महिन्याविषयी गुरू-शिष्येत बोलणे व्हावे अशी त्या काळाची रीतच नव्हती. आज वर्ग चालवणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे आणि तरीही आम्ही गप्प आहोत, याला मात्र काळाचे कारण पुरणार नाही. मुलग्याचा आवाज फुटतो हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते, त्याची पट्टी बदलून दिली जाते, त्याच्यावर दोन-चार विनोदही होतात. मुलीचा आवाजही त्याच वयात बदलतो: थोडा खाली उतरतो, काही काळ त्यात हवा मिसळते, कारण वाढत्या स्वरयंत्रात स्वरतंतूंची मागची फट नीट मिटत नाही. ती बारा-तेरा वर्षांची मुलगी संगीताच्या प्रवेशिका परीक्षेला बसलेली असते, आणि ‘पूर्वी छान गायचीस, आता लक्ष नाही तुझे’ हे तिला ऐकावे लागते. मीही हे वाक्य बोललेले आहे.

आता माझ्या वर्गातल्या थोरल्या मुली एक वही ठेवतात. तिच्यात तारखेपुढे तीनच गोष्टी लिहायच्या: सकाळी तार षड्ज हळू लागला का, आवाज किती वेळाने थकला, आणि पाळीचा कितवा दिवस. ती वही मी मागत नाही, ज्या दाखवतात त्यांचीच पाहते. चार महिन्यांत प्रत्येकीला आपला नकाशा कळतो. कुणाचे आधीचे तीन दिवस वाईट असतात, कुणाचा फक्त पहिला, दोघी-तिघींना काहीच फरक पडत नाही आणि त्या उगाच घाबरायच्या थांबल्या आहेत. वाईट दिवसांत रियाज बंद करायचा नसतो, त्याची जागा बदलायची असते. मारवा, पूरिया आणि सोहनी या तीन रागांचे स्वर एकच आहेत. सोहनी तार सप्तकात वावरते, तर पूरिया मंद्र आणि मध्यात रमतो. ज्या आठवड्यात सोहनी गळ्याला नको म्हणते त्या आठवड्यात त्याच स्वरांनी पूरिया गावा, विलंबित आलाप करावा, मंद्र सप्तकात सावकाश उतरावे, बंदिशीचे शब्द आणि तालाची अंगे पक्की करावीत. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे, वाफ घ्यावी, खाकरून घसा साफ करण्याची सवय सोडावी. ज्येष्ठमध आणि खडीसाखर माझ्याही पिशवीत असते, परंतु गिळलेला पदार्थ अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतूंना तो शिवतही नाही; घशाला बरे वाटते, त्यापलीकडे त्याच्याकडून काही मागू नये.

जोर लावणे का टाळायचे, हे पालकांनीही समजून घ्यावे. फुगलेली रक्तवाहिनी ताणाखाली फुटली तर स्वरतंतूत रक्त उतरते आणि आवाज क्षणात जातो. मग संपूर्ण मौन आणि तज्ज्ञ डॉक्टर यांखेरीज इलाज उरत नाही. इथे गोळ्यांचा विषय येतो, आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. पोटदुखीसाठी ॲस्पिरिन घेतली तर रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट्स) मंदावतात, आणि हा परिणाम आठवडाभराहून अधिक राहतो. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांचा परिणाम तात्पुरता असला तरी तोही त्याच दिशेचा असतो. पॅरासिटामॉल या बाबतीत निर्धोक मानली जाते. ज्या दिवशी तीन तास गायचे आहे त्या दिवशी कोणती गोळी घ्यावी, हे म्हणूनच औषधाच्या दुकानदाराला नव्हे तर डॉक्टरांना विचारावे, आणि विचारताना ‘मी गाते’ हे आवर्जून सांगावे.

दुसरी गोष्ट पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरचे लग्न यांसाठी आपल्याकडे घरोघरी नॉरएथिस्टरॉन सर्रास घेतले जाते, आणि आता मैफलीसाठी, स्पर्धेसाठीही मुली ते घेऊ लागल्या आहेत. हे औषध प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे आहे. ते घेतल्याने रक्तस्राव थांबतो, परंतु शरीर पाळीआधीच्या अवस्थेतच आणखी काही दिवस ठेवले जाते, आणि अंगात पाणी धरणे हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. साडी डागाळण्याची भीती त्याने जाईल. तार सप्तक मोकळे होईल या आशेने मात्र ते घेऊ नये. तिसरे औषध डॅनाझॉल, जे गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या अस्तराच्या विकारावर दिले जात असे आणि अजूनही क्वचित दिले जाते. त्याने स्त्रीचा आवाज पुरुषी आणि जाड होऊ शकतो आणि औषध थांबवल्यावरही तो नेहमी परत येतोच असे नाही. संप्रेरकांची कोणतीही गोळी, गर्भनिरोधकसुद्धा, वाईटच असते असे मी म्हणत नाही. नव्या गोळ्यांपैकी काहींनी गायिकांचा आवाज महिनाभर अधिक स्थिर राहिल्याचेही अभ्यासांत आढळले आहे. माझा आग्रह इतकाच की स्त्रीरोगतज्ज्ञांनी चिठ्ठी लिहिण्याआधी रुग्णाचा व्यवसाय विचारावा, आणि उत्तर ‘घरीच असते, थोडे गाते’ असे आले तर त्या ‘थोडे’वर विश्वास ठेवू नये.

इतके लिहिल्यावर एक शंका माझ्याच मनात उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने बोलून दाखवलेली भीती गाण्याच्या क्षेत्रातही खरी ठरू शकते. बायकांचा आवाज महिन्यातले काही दिवस बेभरवशाचा असतो हे एकदा वर्तमानपत्रात छापून आले, की उद्या एखादा संयोजक तेवढेच वाक्य लक्षात ठेवील. म्हणून मी रजा मागत नाही, वेगळा गुण मागत नाही, स्वतंत्र रकानाही मागत नाही. अर्जात ‘पाळीची तारीख’ लिहायला लावणारा रकाना आला तर त्याला विरोध करणारी पहिली मी असेन. शिवाय पिढ्यान् पिढ्या बायका या दिवसांत गात आल्या आणि उत्तम गात आल्या, कारण त्यांनी आपापल्या गळ्याशी तडजोडी शोधल्या: पट्टी अर्ध्या स्वराने उतरवणे, तार सप्तकातली जागा बोलतानांनी, म्हणजे बंदिशीच्या शब्दांवर घेतलेल्या तानांनी, भरून काढणे, दुसऱ्या दिवसाची बंदिश पहिल्या दिवशी गाणे. या युक्त्या एकीकडून दुसरीकडे कुजबुजत गेल्या. त्या वर्गात मोठ्याने सांगितल्या जाव्यात, एवढे तरी आम्ही शिक्षिका करू शकतो.

स्पर्धांच्या आणि परीक्षांच्या संयोजकांना माझी विनंती याहूनही लहान आहे. नियमपत्रिकेत एक ओळ घालावी: प्रत्येक स्पर्धकाला, मुलगा असो वा मुलगी, कारण न सांगता एकदा आपला क्रम किंवा दिवस बदलून घेता येईल. स्पर्धा एकाच दिवसाची असेल तर या ओळीचा पुरता उपयोग होणार नाही हे मला मान्य आहे, परंतु दोन-तीन दिवस चालणाऱ्या फेऱ्या आणि महिनाभर चालणाऱ्या परीक्षा यांत ती सहज बसते. यात गैरफायदा घेतला जाईल असे एका संयोजकांनी मला सुनावले. आमच्या वर्गाच्या गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम दोन दिवसांचा असतो, तिथे हा नियम आम्ही मागच्या वर्षी लावून पाहिला. अठ्ठावीस जणांपैकी सात जणांनी क्रम बदलून घेतला आणि त्यांतले तीन मुलगे होते. कुणी कशासाठी बदलला, ते मी विचारले नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक संगीत शिक्षिका,
जि. सातारा